दोन पॉइंट

तीस वर्षं मी उभा होतो
आणि लोखंड फिरत होतं.
उद्यमनगरात, शटरच्या आत, लेथच्या चकात,
मिनिटाला पाचशे वेढे.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर वाढलीय,
आता तुम्ही फिरा.

म्हणून पहाटे साडेपाचला
बावड्याच्या वाटेवरच्या मैदानात आलो,
पायात कारखान्याचेच बूट,
बोटांवर लोखंडी टोपी असलेले.
चुन्याची रेघ दवानं फुगली होती.
शंभर पावलं धावलो
आणि छातीत कुणीतरी
बिनतेलाचं बेअरिंग फिरवलं.

हिंदुराव वस्ताद उलटे चालतात.
म्हणजे तोंड पुढंच, पण फेरा उलटा.
सगळं मैदान डावीकडं वळतं, ते उजवीकडं.
कान मोडलेले, गुडघे मोडलेले, गळ्याला मफलर.
त्यामुळं एका फेरीत आमची गाठ दोनदा,
आणि बोलणं तुकड्या-तुकड्यानं.
पाण्याच्या टाकीपाशी ते: "कुठला रं तू?"
निलगिरीपाशी मी: "इथलाच. राजारामपुरी."
पुन्हा टाकीपाशी: "मग पळतोस का म्हसरागत?"
याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला,
कारण दम पुरत नव्हता.

भरतीची पोरं येतात धुरळा उडवत.
"काका, साईड!"
मी तिसऱ्या लेनमध्ये, मग पाचव्या,
मग गवतात.
एक तांबडं कुत्रं माझ्या बरोबरीनं धावतं.
खरं तर ते चालतं.

मग शमा मुल्लाणी.
हातकणंगल्याहून पहिल्या एसटीनं येणारी,
अंगात वडलांचा ढगळ टीशर्ट,
कुठल्याशा खताच्या कंपनीनं फुकट दिलेला.
एके दिवशी मोबाईल माझ्या हातात ठेवला:
"काका, आठशे मीटर. टाइम धरता?"

टाइम धरणं मला येतं.
माझ्या हातचा दोन पॉइंट चुकलेला जॉब
कधी गेटबाहेर गेला नाही.
तीन दहा. तीन सात. तीन चार.
गोळ्यांच्या पाकिटावर लिहीत गेलो.
मंगळवारी ती शेवटच्या वळणावर वाकडी झाली,
ओठ पांढरे,
रेघेवर येऊन गुडघ्यांवर हात टेकले,
"किती?"
पडद्यावर तीन तीन.
मी म्हणालो, तीन एक.

त्या दिवशी शॉपमध्ये
मायक्रोमीटरकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी टाकीपाशी वस्तादांना सांगितलं.
निलगिरीपाशी ते म्हणाले,
"आखाड्यात पोराकडनं एकदा पडून घ्यावं लागतंय."
आणि पुढं गेल्यावर, मागं न बघता,
"रोज न्हाई."

शमाला सांगितलं तेव्हा ती लेस बांधत होती.
"म्हाईत हाय," म्हणाली,
"मीबी मोजत असतो की मनात."
कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं, पोरासारखं.
"पण काका, परत नको."
आणि त्या सकाळी धावली ती
तीन मिनिटांच्या आत,
मी मोबाईल दोनदा पुसून बघितला.

आता ती येत नाही.
लागली असेल, की राहिली असेल,
की घरातनंच नको म्हणाले असतील.
नंबर घेतला नव्हता.
पाकीट आहे खिशात, गोळ्या संपलेलं.
मंगळवारचा आकडा खोडून खरा लिहिलाय.

आज एक अख्खी फेरी झाली, न थांबता.
बघायला कोण?
वस्ताद मफलरची गाठ सोडवत होते,
कुत्रं कान खाजवत होतं.
घड्याळ लावायचं मीही विसरलो होतो.

नऊला शटर वर केलं.
चकात सळी आवळली, बटण दाबलं,
आणि ती फिरायला लागल्यावर
उगाच जरा वाकून विचारलं,
"दम लागतोय काय गं?"